नवा पट्टा

पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या दादाची धाकटी बहीण मुंगी. लहानपणी एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं, ते बत्तिसाव्या वर्षीही सुटलं नाही. ती कराटे करते, पण मारामारी नव्हे, काता करते. म्हणजे समोर कुणीच नाही, आणि ठोसे, लाथा, वळणं सगळं ठरल्याप्रमाणे, केसभरही चूक चालत नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, "हवेशी भांडून कुणाचं भलं झालंय?" म्हणोत बापड्या! हवेशीच भांडून पोरगी तीनदा विभागात पहिली आली होती. देशाच्या संघात मात्र दरवेळी थोडक्यात हुकली. आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

शेवटच्या निवड चाचणीच्या सकाळी दादाला नको ते सुचलं. तिचा काळा पट्टा झिजून कडेनं पांढरा पडला होता. पंच काय म्हणतील, म्हणून त्यानं चकचकीत, गुळगुळीत नवा आणला.

"दादा, जुनाच राहू दे. हा अजून अंगवळणी पडलेला नाही."

"गप गं! जरा नीटनेटकी दिसशील." त्यानंच गाठ मारली. पहिल्या स्पर्धेपासून गाठ तोच मारायचा, आणि प्रशिक्षक म्हणून चटईलगतच्या खुर्चीत तोच बसायचा.

काता सुरू झाला आणि तिसऱ्या वळणालाच गाठ सैल झालेली त्याला दिसली. प्रशिक्षकाच्या खुर्चीतून ब्र काढायचा नाही, हा नियम. मध्येच पट्टा सावरला तर काता मोडला. गळून पडला तर सरळ बाद. मुंगीलाही कळलं होतंच. तरी ती काता असा करत होती, की शेजारच्या चटईवरचे खेळाडूही बघत राहिले. अरे देवा, आता फक्त उडी आणि दोन ठोसे! दादानं खुर्चीची कड घट्ट धरली. दुसरं काय करणार?

उडी झाली आणि पट्टा पायाशी पडला. तिनं तो ओलांडून दोन्ही ठोसे मारले, निघाली त्याच जागी येऊन थांबली, वाकली. मुख्य पंचांनी बाद ठरवलं.

बाहेर जिन्यावर दादा तिच्या शेजारी बसला. "माती खाल्ली गं मी."

"ते सोड. काता कसा झाला?"

"इतका चांगला तू कधीच केला नव्हतास."

"मलाही तसंच वाटलं," मुंगी म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.