यादीत नसलेला थांबा

क्रोएशियातलं स्प्लिट शहर पर्यटकांना दोन तासांत दाखवायचं म्हणजे नेवेंकाची जीभ आणि पाय एकाच वेगाने चालतात. रोमन सम्राटाचा राजवाडा, तळघरं, घंटाघर, आणि मग कंपनीच्या यादीत नसलेला एक थांबा. राजवाड्याच्या भिंतींतच वसलेल्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या घरापर्यंत कप्पीवर दोरी गेलेली आहे आणि दोरीवर धुणं असतं. पाहुणे माना वर करून फोटो काढत सुटतात. नेवेंकाही वर बघते, पण तिचं कारण वेगळं. ती खिडकी तिच्या आईची. पेरिना सत्त्याऐंशी वर्षांची, एकटी राहते, आणि फोन वाजला तर त्याला शिव्या घालून वाजू देते. नऊ वाजता दोरीवर कपडे दिसले की लेकीला कळतं, आई ठीक आहे.

एका मंगळवारी दोरी रिकामी होती.

काल आई दमलेली वाटली होती का? नेवेंकाला आठवेना. काल तिने चादरी पाहिल्या होत्या, आईला नाही. हातातली खुणेची लाल छत्री एका पाहुणीकडे कोंबून, सगळ्यांना तिथेच थांबायला सांगून ती धापा टाकत जिना चढली.

पेरिना काळे कपडे घालून भाजी निवडत बसली होती.

"जीव गेला होता माझा," नेवेंका दाराला टेकून म्हणाली. "धुणं कुठाय?"

"बादलीत. समोरचा श्पिरो गेला काल संध्याकाळी. माणूस मातीत जाईपर्यंत गल्लीत कपडे वाळत घालतात का गं? परक्यांना सतराशे वर्षांपूर्वीचं सांगतेस आणि घरचं विसरलीस."

नेवेंकाचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ तिला स्वतःची लाजही वाटली. तिच्या लहानपणी गल्लीत कोणी गेलं की अकराच्या अकरा दोऱ्या रिकाम्या होत. मग एकेक घर पाहुण्यांना भाड्याने जायला लागलं. ती स्वतःही लग्नानंतर शहराबाहेरच्या उंच इमारतीत राहायला गेली होती.

"चाळीस वर्षं भांडला मेला," पेरिना म्हणाली, "माझ्या कपड्यांचं पाणी त्याच्या खिडकीत ठिबकतं म्हणून. आता गल्लीत मी एकटीच. त्याच्यासाठी मी दोरी रिकामी केली. माझ्यासाठी कोण करणार? हे भाडेकरू, पोहायचे टॉवेल वाळत टाकणारे?"

नेवेंकाला खाली ताटकळलेले पाहुणे आठवले. ती खाली गेली आणि त्या दिवशीची उरलेली माहिती तिने कशीबशी सांगून टाकली.

गुरुवारी श्पिरोला माती दिली. शुक्रवारी नेवेंका आठलाच वर आली, घरच्या मशीनमधले ओले कपडे पिशवीत भरून.

"हातभर जागा कर मला."

"तुला बाल्कनी आहे की तुझी."

"आहे. पण तुझ्यासाठी रिकामी करायला या दोरीवर माझंही धुणं हवं ना."

पेरिनाने आपली चादर बाजूला सरकवली आणि चिमटे पुढे केले.

"नीट पिळलेत ना? नाहीतर समोर ठिबकेल," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिची नजर श्पिरोच्या बंद खिडकीकडे गेली.