पाठदुखीची बाटली

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही लिंबायतला राहायचो आणि तिथल्या मराठी शाळेत मी संस्कृत शिकवायचो. मला लघवीचं इन्फेक्शन झालं... हे सांगायला लाज वाटण्याचं वय आता मागे पडलं, म्हणून सांगतो.

गोळ्या झाल्या, ताप उतरला, रिपोर्टही चांगला आला. पण त्या जागेची आग काही जाईना. बसलं तरी चुणचुण, चाललं तरी चुणचुण... वर्गात 'रामः रामौ रामाः' चालायचं, माझं लक्ष मात्र रामाकडे नसायचं.

मग पंडितानं करू नये ते मी केलं. वैद्यकाचा एक जुना संस्कृत ग्रंथ काढून मूत्रकृच्छ्राचं प्रकरण वाचलं. त्यातले सगळेच्या सगळे प्रकार मला झालेले निघाले.

त्यात दवाखान्याच्या भिंतीवर एड्सचं पोस्टर. माझं चारित्र्य स्वच्छ होतं, पण त्या पोस्टरसमोर बसलं की स्वतःचीच उलटतपासणी सुरू व्हायची. सलूनवाल्याचा वस्तरा तर नसेल...?

माझ्यामुळे बायकोला काही झालं तर, या धास्तीनं मी पाठदुखीचं निमित्त केलं आणि गादी गॅलरीत हलवली. ती काही विचारेना. हळूहळू बोलेनाशीही झाली... आणि ते त्या आगीपेक्षा जास्त झोंबायचं.

शेवटी पुन्हा दवाखान्यात निघालो, तर तीही चप्पल घालून तयार. "पाठच दाखवायची आहे ना? मग एकटे कशाला जाता?"

डॉक्टर गुजराती, वयस्कर. पडद्याआड तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, त्यां कंई लगाडो छो?"

मी म्हणालो, तिथे लावतो असं काही नाही. आणि मी खोटं बोलत नव्हतो... प्लेगनंतर आमच्या गल्लीत अँटिसेप्टिकला कुणी औषध म्हणतच नव्हतं. उंबऱ्यापासून चपलांपर्यंत सगळं त्यातच धुतलं जायचं.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "अहो, काही नाही कसं? आंघोळीला बाटली घेऊन जाता, येताना निम्मी! मला फरशी पुसायला उरत नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "जंतु तो क्यारना मरी गया, मास्तर. हवे तमे चामडी मारो छो."

म्हणजे जंतू केव्हाच मेले होते, आता मी कातडीच्या मागे लागलो होतो. 'शौच' म्हणजे शुद्धी असं मुलांना घोकून घेणारा हा मास्तर स्वतःला फरशीसारखा घासत होता!

मी तरीही भीत भीत पोस्टरकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या समाधानासाठी रक्तही तपासायला पाठवलं. तेही स्वच्छ निघालं. पुढे नुसत्या पाण्यावर ती आगही हळूहळू विझली.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी शाळेतून घरी आलो, तर गादी आत आलेली. मी आणलेली नव्हती. ही स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "पाठदुखीला बाटली लागत नाही, एवढं कळतं हो मला."

इतकी वर्षं झाली... अजूनही फरशी पुसताना तो वास दरवळला की ही मला हमखास विचारते, "पाठ कशी आहे?"

छान आहे म्हणतो. आणि मनातल्या मनात हात जोडतो... डॉक्टरांना एकदा, हिला दोनदा.