त्याचा कापूस कोण वेचणार?

आज शहाद्यात घरीच माझ्या वकील मुलीची आणि तिच्या मैत्रिणीची जुंपली. देशाच्या सुरक्षेसाठी माणसाला खटल्याविना कोंडावं का?

ऐंशी पार केलेली माझी आत्या मधेच बोलली. बासष्टच्या चीन युद्धात गावातल्या एका लाल झेंडेवाल्याला असंच उचललं होतं. माझे आजोबा कट्टर सरकारवाले, त्याच्याशी रोज भांडायचे. पण तेव्हा सगळे आळीपाळीने एकमेकांचा कापूस वेचायचे. त्याची पाळी आली, तसे आजोबा गाव घेऊन त्याच्या शेतात शिरले.

फौजदाराने दम दिला. आजोबा म्हणाले, "गुन्हा काय ते कोर्टमा सांगा. तवलोंग त्याना कापूस आम्ही येचसूत." म्हणजे तोवर त्याचा कापूस आम्ही वेचू.

अशा माणसाचा मी नातू, हे आज मिरवतोय. उद्या तुम्हाला उचललं, तर तुमच्याशी भांडणारं कोण तुमच्या शेतात येईल?