कुत्र्यामागची कुंडी

चंद्रपुरात आमच्या समोर राहणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचं कुत्रं ऋतूप्रमाणे पडायची जागा बदलायचं आणि हा मागोमाग मोगऱ्याची कुंडी सरकवायचा. हिवाळ्यात दोघं भिंतीजवळच्या उन्हात, उन्हाळ्यात रांजणाच्या ओलीला.

कोकणातून आणलेली माझी रोपं मात्र इथल्या वैशाखात करपत. शेवटी उरलेली अबोली घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

"घरी कुत्रं नाई काय?" त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "मंग तुमीच लोळून पाहा जी. जिथी झोप लागन, तिथी कुंडी ठेवा."

उन्हाळाभर मी चटई घेऊन अंगणात फिरलो. अबोली जगली, फुललीही. कुणी कौतुक केलं की बायको सांगते, "यांनी फार मेहनत घेतली. सगळ्या दुपारी घोरत काढल्या."