पुदिन्याचा कोट

क्लबच्या धुलाईघराला एकच खिडकी होती आणि ती नेमकी पायरीवाल्यांच्या फाटकासमोर उघडायची. बांधणाऱ्याने ती वाफ बाहेर जावी म्हणून ठेवली असणार; पण गेली तीस वर्षं तिच्यातून वाफेपेक्षा बातम्याच जास्त बाहेर पडत होत्या.

पायरीवाले म्हणजे पूर्वेकडच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर उभं राहून सामना बघणारे. खुर्चीवर बसून फुटबॉल बघणाऱ्याला ते पाहुणा समजत. नव्या मॅनेजरबाबत त्यांचा एक नेम होता. घरच्या मैदानावरचे पहिले चार सामने त्याला एक शब्द बोलायचा नाही. टाळी नाही, शिवी नाही. पाचव्या सामन्याला निकाल. निकाल वाईट लागला, तर सामना सुरू व्हायची शिट्टी वाजताच सगळ्यांनी मैदानाकडे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बाराशे पाठी! त्या पाहिल्यावर पंधरा दिवसांवर टिकलेला मॅनेजर अजून जन्माला यायचा होता.

आणि निकाल सांगायची धुलाईघरातली मावशी.

हे कोणी ठरवलं नव्हतं, होत गेलं होतं. मॅनेजरचा कोट प्रत्येक सामन्यानंतर तिच्याकडे यायचा. कोणी बाह्यांची टोकं चावलेली असायची, कोणाच्या खिशात सिगारेटची राख, कोणाच्या कॉलरवर घाम वाळून मिठाची पांढरी रेघ. ज्याला घाम फुटतो त्याला क्लबची काळजी, हे पायरीवाल्यांचं साधं गणित. मावशीने आतापर्यंत आठ मॅनेजर वाचले होते. लोक म्हणत, आठपैकी आठ बरोबर.

सात. हे मावशीला एकटीला माहीत होतं.

आठवा गेल्या वर्षीचा. सतत पुदिन्याच्या गोळ्या चघळायचा, म्हणून त्याचं नाव पुदिना. पाचव्या सामन्याच्या सकाळी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात तिला रेल्वेचं तिकीट सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं, एकेरी. "हा पळणार," असं ती जेवताना नवऱ्याला म्हणाली. नवरा नळदुरुस्तीवाला, जन्माचा पायरीवाला. त्याला सांगणं म्हणजे फाटकावर खडूने लिहिणं. दुपारी बाराशे पाठी फिरल्या. पुदिना दुसऱ्या दिवशी गेला तो आलाच नाही. कोट मात्र तिच्याकडेच राहिला.

दोन महिन्यांनी त्याच्या बहिणीचं पत्र आलं. आई गेली होती, तिच्या दिवसांसाठी तो एका दिवसाकरता येणार होता. तिकीट एकेरी, कारण परत बहीणच गाडीने सोडणार होती. 'आता कोट पाठवू नका. घालणारा राहिला नाही.' मावशीने ते पत्र बटणांच्या डब्याच्या तळाशी ठेवलं आणि वरून सगळी बटणं ओतली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. कोट धुतला, वाळवला आणि दारामागच्या खुंटीला टांगला. टाकून द्यायला हात धजला नाही.

यंदा संघ तळापासून दुसरा होता. खालच्या गटात घसरायला दोन पावलं उरली असताना नवा साहेब आला. उंच, सडपातळ, रेषेवर खांबासारखा उभा राहणारा. पायरीवाल्यांनी आठवड्यात नाव ठेवलं: बर्फ. त्याचा कोट पहिल्या सामन्यानंतर मावशीकडे आला तो दुकानातून आणल्यासारखा. घाम नाही, वास नाही, घडीसुद्धा मोडलेली नाही. ती हसली. मग दार लोटायला वळली आणि खुंटीवरच्या पुदिन्याच्या कोटाला तिचा हात लागला.

तो ओला होता.

"वाफ असेल नाहीतर पाइप गळत असेल," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने येऊन पाइपावरून दोनदा हात फिरवला. "अगं, पाइप ठणठणीत कोरडा आहे. तुझं डोकं गळतंय."

दुसऱ्या सामन्याआधी तिने कोट लोखंडी कपाटात टांगला आणि किल्ली कमरेला लावली. संध्याकाळी कपाट उघडलं. कोट ओला. तिसऱ्या सामन्यानंतर कॉलरवर मिठाची रेघ होती आणि कपाटातून पुदिन्याचा वास आला. चौथ्या वेळी तिने कॉलरला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका नव्हता. कोट नुसता कोमट होता, कोणीतरी आत्ताच अंगातून उतरवल्यासारखा.

पाचव्या सामन्याच्या सकाळी नवा साहेब स्वतः धुलाईघरात आला. कोटाचं बटण तुटलं होतं. मावशी सुईत दोरा ओवेपर्यंत तो दारात उभा राहिला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हा दोन्ही हात काखेत घालून.

"मावशी, एक विचारू? हसणार नाही ना?"

"हसायला वेळ कुठे आहे, साहेब. बोला."

"सामना चालू असताना रेषेवर मी एकटाच असतो ना?"

मावशीने दोरा दातांनी तोडला. "मी सामना बघत नाही. का?"

"मी ओरडायच्या आधीच पोरं वळून बघतात. माझ्याकडे नाही." त्याने मान जराशी वळवली. "माझ्या डाव्या बाजूला. मी विचारलं तर म्हणतात, तुम्हीच तर हाक मारलीत. आणि मला थंडी वाजते हो. उन्हातसुद्धा."

"गोळ्या खाता का? पुदिन्याच्या?"

"नाही. का?"

तिने सुई रिळात खोचली. बटणाचा डबा मांडीवर होता. दुपारी खिडकीशी लोक येणार, आणि कोरडा कोट म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तिने फक्त 'कोरडा' म्हणायचं, की हा माणूसही त्याच फाटकातून जाणार. खोटंही नव्हतं ते. तिकीट तरी कुठे खोटं होतं?

ती उठली. कमरेची किल्ली काढून तिने कपाट उघडलं.

"आज हा घाला. जरा ओला आहे."

"कोणाचा?"

"तुमच्या आधीच्यांचा."

त्याने कोट चढवला. बाह्या तंतोतंत बसल्या. त्याने कॉलर गळ्याशी ओढून घेतली. मग हळूच म्हणाला, "गरम आहे."

दुपारी खिडकीशी नवरा आला आणि त्याच्याबरोबर शिट्टी. शिट्टी म्हणजे बसचा निवृत्त कंडक्टर; तो सांगेल तेव्हा पाठी फिरत. मागे पायरीवाल्यांची गर्दी फाटकापर्यंत.

"बोला मावशी. बर्फ विरघळतो की नाही?"

"आधी मागचं ऐका," मावशी म्हणाली आणि डबा खिडकीच्या कट्ट्यावर उलटा केला. बटणं घरंगळत रस्त्यावर गेली. पत्र तिने स्वतः वाचून दाखवलं. आवाज एकदाच कापला, 'घालणारा' या शब्दावर.

पुढचे दोघे-तिघे वाकून बटणं गोळा करू लागले.

"वर्षभर?" नवऱ्याने विचारलं. "वर्षभर माझ्यापासून लपवलंस?"

"तुमच्यापासूनच लपवलं. तुम्हाला सांगितल्यावर काय होतं ते एकदा बघितलं होतं ना मी."

शिट्टीने घसा साफ केला. "म्हणजे आजचा निकाल काय धरायचा?"

"आजचा नाही, उद्याचा नाही. ही खिडकी वाफेसाठी आहे. माणूस बर्फ आहे की पाणी, ते तुमच्या डोळ्यांनी बघा."

"मग तीस वर्षं कशाला बोलत होतीस?" मागून कोणीतरी ओरडलं. तिने खिडकी लावून घेतली.

पाठी फिरतात तेव्हा आवाज होतो. बाराशे जोडे एकदम सिमेंटवर घासतात. धुलाईघराच्या भिंतीतून तो ऐकू येतो, दळण दळल्यासारखा. सामना सुरू व्हायची शिट्टी वाजली आणि मावशीने इस्त्री बाजूला ठेवली. ती वाट बघत राहिली. घासल्याचा आवाज आला नाही. टाळी आली नाही, शिवी आली नाही. नव्वद मिनिटं मैदान इतकं गप्प होतं की चेंडूला लागलेली लाथ तिला मोजता येत होती.

संध्याकाळी नवऱ्याने कोट आणून दिला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"हरलो?"

"बरोबरी. अजून दोन सामने जीव टांगणीला."

"पाठ फिरवली नाहीत."

"कशी फिरवणार? त्या कोटात तो रेषेवर आला आणि शिट्टीने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या. अगं, तो उजव्या अंगाला जरा सरकून उभा होता. दुसऱ्याला जागा दिल्यासारखा."

मावशीने कोट हातात घेतला. चिंब होता. कॉलरवर मिठाच्या दोन रेघा होत्या, एकीवर एक, नीट न जुळलेल्या. घडी घालताना आतल्या खिशात कागद कुरकुरला. सकाळी तो खिसा रिकामा होता. तिने स्वतः चाचपला होता.

"बघ ना काय आहे," नवरा म्हणाला. "खिसे रिकामे केल्याशिवाय तू रुमालसुद्धा धूत नाहीस."

"ज्याचं त्याला माहीत."

"कोणाचं? बर्फाचं, की…"

तिने कोट न धुताच, खिशासकट, दारामागच्या खुंटीला टांगला. कपाटात नाही. मग बर्फाच्या कोटासाठी बाजूची दुसरी खुंटी फडक्याने पुसून ठेवली.