विहिरीवरच्या बाया हसल्या तेव्हा

मंडळी, आज सकाळी नातीचा फोन आला. नोकरीसाठी कोकणात गेलीय. म्हणे, "आजी, इथं मले करमत नाही. परत येऊ का?"

मी तिला साठच्या दशकातली माझी गोष्ट सांगितली. लग्न झालं आणि मी वऱ्हाडातल्या दिग्रसहून समुद्राकाठच्या एका लहान गावी गेले. यजमान तिथं शाळेत मास्तर होते. पहिल्याच दिवशी विहिरीवर मी म्हटलं, "मले दोर देता का?" माझं वऱ्हाडी 'मले' ऐकून साऱ्या बाया हसल्या. पुढे महिनाभर मी घराबाहेर तोंडच उघडलं नाही. शेवटी यजमानांना म्हटलं, "मले दिग्रसले नेऊन सोडा."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींनी विचारलं, "काय गो, तू गप कित्याक?"

"मी बोलली की तुम्ही हासता."

त्यांचा चेहरा उतरला. "आमी शेरात गेलव तर लोक आमका पण हसतत. तू बोल गो. माका आयकूक बरा वाटता."

मी आधी रडले. मग इतकं बोलले की दुपारचा भात लावायचा राहून गेला. त्या गावात आम्ही नऊ वर्षं राहिलो.

नातीनं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "आजी, ठेवते. समोरच्या काकूंकडे जाऊन येते."

परक्या गावात तुम्हाला पहिल्यांदा कोणी बोलतं केलं?