थंडोबा जेवायला गेला

दार उघडं असलं तरी टकटक करायची. खुर्चीच्या कडेवर बसायचं, पाठ टेकायची नाही. कुणी हात पुढे केला की आधी आपला पँटला पुसायचा. कुठेही शिरलं की पहिला कान भिंतीमागच्या फ्रिजच्या मोटारीला, मग माणसांना.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची. अर्धं धंद्यामुळे, अर्धं स्वभावामुळे.

त्याची बायको रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्री करायची. त्या दिवशी ती निवृत्त झाली. काय हवं, असं त्याने विचारलं.

"कोपऱ्यावरचं थाई हॉटेल," ती म्हणाली. "कामाला जाताना रोज खिडकीतून आत बघते. एकदा आत बसून बाहेर बघायचंय."

"एवढंच? ते काही महाग नाही."

"मग इतके दिवस अडलं होतं कुठे?"



संध्याकाळी दोघं गेले. तिने ठेवणीतल्या चपला घातल्या होत्या. दारातच मालकीण भेटली.

"अगदी देवासारखे आलात! सकाळपासून फ्रिज गुरगुरतोय, आणि आज हॉटेल भरलंय."

"बघतो," थंडोबा म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. बायको मागे उभी आहे हे आठवलं तेव्हा तो स्वयंपाकघरात पोचला होता. आता परत फिरून काय सांगायचं, हे त्याला सुचेना. जरासं तर काम, असं म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. स्क्रूड्रायव्हर खिशात होताच. स्वतःच्या लग्नातही तो त्याच्या खिशात होता. त्याने फ्रिज बंद केला, मागची जाळी काढली. आतला पंखा तेलकट धुळीने जाम झाला होता. तोही सोडवून त्याने वर्तमानपत्रावर ठेवला आणि पुसायला घेतला.

ताटं बाहेर द्यायच्या झरोक्यातून त्याला बायको दिसत होती, बोलणंही ऐकू येत होतं. ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून बाहेर बघत होती. समोरची खुर्ची रिकामी. वाढपी तिच्याजवळ गेला.

"मावशी, कुणी यायचंय का? ही मंडळी थांबलीत."

ती चटकन उठली.

"नाही नाही. मी फ्रिजवाल्यांबरोबर आलेय. त्यांचं काम झालं की निघू."

वाढप्याने तिला हात धुवायच्या नळाशेजारी स्टूल दिलं. पर्स मांडीवर घेऊन ती बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट राहावी म्हणून तिने पाय आत ओढून घेतले. ठेवणीतल्या चपलांवर नळाचे शिंतोडे उडत होते.

थंडोबाची कानशिलं तापली. जेवायला आलोय हे न सांगता तिने त्याची लाज राखली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झालं का?" मालकिणीने विचारलं.

"नाही. मी आज जेवायला आलो होतो. बायकोला घेऊन."

मालकिणीने जीभ चावली. "अहो, मग बोलायचं नाही का!"

"बोलायला हवं होतं."

"आणि फ्रिज?"

"लागेल ते आत्ताच काढून घ्या. मग दार उघडू नका, गारवा टिकेल. मी जेवून बघतो."

तो बाहेर आला. बायकोने त्याचे हात पाहिले आणि नळ सोडला. काळं तेल काही निघेना.

"तुम्हाला ना, गिऱ्हाईकच होता येत नाही," ती म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल मिळालं. सूप आलं. तिने चमच्याने एक काडी वर काढली.

"अहो, हा तर गवती चहा! यांनी सुपात घातलाय."

"आवडलं?"

"आंबट आहे, तिखट आहे. नाकातून पाणी येतंय. छान आहे. तुम्ही खात का नाही?"

"खातो." हात त्याने टेबलाखाली धरले होते.

मालकीण दोनदा डोकावून गेली. बायकोच्या ते लक्षात आलं.

"जा, लावून या तुमचा पंखा. मी काही पळून जात नाही."

तेवढ्यात खिडकीजवळची मंडळी उठली. थंडोबाने दोन्ही वाट्या उचलल्या. "चल, तिकडे बसू."

ती खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघू लागली. तो वाटीत बघत राहिला. वर बघायचा त्याला धीर होईना.

आत फ्रिज मागून उघडा पडला होता, आणि पंखा वर्तमानपत्रावर, अर्धा पुसलेला.